उजव्या डोळ्याचे दिवस

ज्यांना लेझर करून चष्मा घालवायचा आहे, किंवा ज्यांच्या घरात कुणाची तरी तारीख ठरली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. अंधेरीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. दिवसभर मायक्रोस्कोपखाली रक्ताच्या काचपट्ट्या बघते, म्हणजे डोळ्यांवरच माझं पोट आहे. म्हणून ऑपरेशनाआधी मी मोबाईलवर पुष्कळ वाचलं. त्यात यंत्रांची माहिती होती, हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो होते. पण ऑपरेशननंतर घरी काय होतं, घरची माणसं कशी घाबरतात आणि घाबरली की प्रेमाने काय करून बसतात, हे कुठेच नव्हतं. मला तेवढंच ठाऊक आहे, म्हणून तेवढंच सांगते.

चष्मा

मी कणकवलीची. चौथीत असताना फळ्यावरचं दिसेना, तेव्हा बाईंनी बाबांना शाळेत बोलावलं. बाबा दुसऱ्याच्या पिठाच्या गिरणीत कामाला होते. तसेच उठून आले, अंगभर पीठ. बाई म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे, पण तिला लांबचं दिसत नाही." या वाक्याचा पहिला अर्धा भाग बाबा बाजारभर सांगत फिरले. दुसरा अर्धा आईने ऐकला आणि दुसऱ्या दिवशी मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

तेव्हापासून चष्मा आणि त्याचा नंबर माझ्याबरोबर वाढत गेले. दरवर्षी निकाल लागला की आई मीठ-मिरच्या ओवाळून माझी दृष्ट काढायची आणि परसातल्या चुलीत टाकायची. मी कॉलेजात असताना ती गेली. पुढे मी बी.एस्सी. झाले, लॅबचा कोर्स केला, मुंबईला आले. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. लग्न झालं आणि नाहूरला निलेशच्या वन रूम किचनमध्ये राहायला आले. निलेश विमानतळावर मालाच्या विभागात शिफ्टमध्ये काम करतो.

लॅबमध्ये चष्म्याने जीव नकोसा केला होता. मास्क लावला की काचांवर वाफ धरायची. चष्मा काढून बघावं तर माझा तिरका नंबर, त्यामुळे पेशींच्या कडा फुटलेल्या दिसायच्या. कॉन्टॅक्ट लेन्स माझ्या डोळ्यांना सोसल्या नाहीत. मग मी लेझरचा विचार करू लागले.

निलेश म्हणाला, "चष्म्यात काय वाईट दिसतेस तू? उगाच कशाला डोळ्यांशी खेळ?"

"मी कशी दिसते त्याच्यासाठी नाही रे. मला काय दिसतं त्याच्यासाठी."

तो म्हणाला, "मग कर. पण मला आत बोलावू नको हां, मला चक्कर येते."

तपासणीचा दिवस

लॅबमधल्या एका मैत्रिणीने शुक्रवारी लेझर केलं होतं आणि सोमवारी ती बिनचष्म्याची कामावर हजर होती. माझंही तसंच होईल असं मी धरून चालले होते. मुलुंडच्या डॉक्टर मॅडमनी बराच वेळ तपासलं, मग खुर्ची माझ्याकडे वळवली.

"तुमच्या बुबुळावरचा पडदा पातळ आहे. मैत्रिणीचं केलं तसं तुमचं नाही करता येणार. तुमचं दुसऱ्या पद्धतीने करावं लागेल. दुधावर साय असते ना, तशी पडद्यावर एक साय असते. ती काढायची आणि खाली लेझर द्यायचा. साय पुन्हा धरते, पण वेळ घेते. दुखेल. सुरुवातीला धूसर दिसेल. आणि ती धरेपर्यंत फार जपायचं."

मी विचारलं, "आणि नाही केलं तर?"

"तर काही नाही. चष्मा आहेच की."

या एका उत्तरामुळे मला त्यांच्यावर विश्वास वाटला. ज्या डॉक्टर 'नाही केलंत तरी चालेल' असं म्हणू शकतात, त्यांच्याकडेच करावं, असं मी आता सगळ्यांना सांगते.

बाहेर आल्यावर मात्र मला भीती वाटू लागली. मला उजव्या डोळ्याने मायक्रोस्कोप बघायची सवय आहे. दोन्ही डोळ्यांनी बघायचं यंत्र असलं तरी अडलेली पेशी मी उजव्यानेच निरखते. साय नीट धरली नाही तर? डाग राहिला तर? चष्मा घालवायच्या नादात हातची नोकरी घालवून बसेन का, हा प्रश्न त्या दिवशी डोक्यात शिरला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला.

बाबा येतात

निलेशला फार रजा मिळत नव्हती. सासूबाई दिरांकडे असतात, गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नाही. म्हणून मी बाबांना फोन केला.

आमच्याकडे बाप लेकीच्या घरी राहायला जात नाही. गेलाच तर चहा घेतो, नातवंडं असली तर त्यांच्या हातावर खाऊ ठेवतो आणि संध्याकाळच्या आत परततो. माझ्या लग्नानंतर बाबा आमच्याकडे एकदाच आले होते, तेही पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसून गेले. फोनवर त्यांनी आधी ऑपरेशनची तारीख विचारून घेतली. मग म्हणाले, "जावय काय म्हणतीत?"

निलेशने फोन माझ्या हातून घेतला. "बाबा, जावई म्हणतो लवकर या. आणि येताना सोलकढीची कोकमं आणा."

बाबा आले ते कोकमं, उकडे तांदूळ आणि गावच्या सुक्या मिरच्यांची पिशवी घेऊन. पहिल्याच दिवशी त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. आई गेल्यावर ते स्वयंपाक शिकले होते. आमच्या दोघांपेक्षा त्यांना बरा येतो.

ऑपरेशन

यात सांगण्यासारखं थोडंच आहे, आणि घाबरण्यासारखं त्याहून थोडं. थेंब घालून डोळे बधिर करतात. पापण्या मिटू नयेत म्हणून चिमटा लावतात. मग एका दिव्याकडे बघत राहायचं. साय काढताना दुखत नाही, फक्त तो दिवा पाण्यात पडल्यासारखा विरघळतो. यंत्र टकटकतं आणि केस जळल्यासारखा वास येतो. त्या वासाचं मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगते. तसा वास येतो, त्यात काही बिघडलेलं नसतं. एक सिस्टर माझा हात धरून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मी पाहिलाच नाही, पण हात अजून आठवतो, गार आणि खरखरीत. शेवटी डोळ्यांवर पट्टीसारखी साधी लेन्स बसवतात. खालची जखम भरेपर्यंत ती जागची हलता कामा नये.

बंद खिडक्या

बधिरपणा उतरला आणि मग कळलं. कांदा चिरून झाल्यावर डोळ्यांत वाळू टाकावी, तसं. उजेड सहन होईना. बाबांनी खिडक्या लावून घेतल्या, वर चादरी बांधल्या. बाहेर रिक्षाने हॉर्न वाजवला तरी ते पुटपुटायचे, "मेल्या, हयसर पोरीच्या डोळ्यांचा ऑपरेशन झाला!" जणू आवाजानेही डोळ्यांना इजा होणार होती.

थेंब घालताना त्यांचा हात थरथरायचा. म्हणून ते आधी आपलं कोपर माझ्या कपाळाशेजारी उशीवर टेकवायचे, श्वास रोखायचे, आणि एक थेंब बरोबर डोळ्यात सोडायचे. मग दोघं मिळून श्वास सोडायचो. झोपेत डोळे चोळले जाऊ नयेत म्हणून त्यांनी माझ्या हातांत निलेशचे पायमोजे चढवले. निलेश कामावरून आला आणि माझा अवतार बघून म्हणाला, "झकास. आता फक्त बॉक्सिंगला पाठवायची बाकी आहे."

बाबा पेज भरवायचे आणि पुन्हा पुन्हा विचारायचे, "दिसता?"

"अंधुक दिसतं, बाबा."

"अजून अंधुकच?"

डॉक्टरांनी सांगितलंय तसंच चाललंय, असं मी समजावायची. पण डोळ्यांतून धारा लागलेली, पायमोजे घातलेली मुलगी समोर असताना बापाला डॉक्टरांचं वाक्य किती पुरणार? त्यातच शेजारच्या मावशी बघायला आल्या आणि जाताना दारात म्हणाल्या, "नोकरी काय, शिक्षण काय, सगळं चांगलं चाललेलं हो. कुणाची तरी नजरच लागली."

बाबांनी दार लावून घेतलं.

मिरच्या

त्या संध्याकाळी निलेश नुकताच कामावरून येऊन आंघोळीला गेला होता. मी डोळे मिटून कॉटवर बसले होते. बाबा समोर येऊन उभे राहिले. डोक्यापासून पायापर्यंत त्यांची मूठ फिरली, चेहऱ्यावर वारा लागला आणि मला सुक्या मिरच्यांचा वास आला. मी ओळखलं. दृष्ट काढताना बोलायचं नसतं, म्हणून तेही गप्प आणि मीही गप्प. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. आईनंतर कुणी माझ्यावरून असा हात फिरवला नव्हता.

मग ते ओट्याशी गेले. आमचा ओटा कॉटपासून दोन हातांवर, मधे दार नाही. परस नाही, चूल नाही, खिडक्या माझ्यासाठी घट्ट बंद. गॅसवर लोखंडी तवा तापलेला होता. त्यावर त्यांनी मूठ उघडली.

मिरच्या जळून ठसका लागला नाही तर दृष्ट मोठी होती असं समजतात. आमच्याकडे ठसका लागला. पहिल्या श्वासालाच खोकला सुटला. दोन्ही डोळ्यांत आग उठली आणि पायमोज्यांसकट माझे हात डोळ्यांवर गेले. मी चोळले. नको नको म्हणत चोळले.

निलेश डोक्यावर साबण तसाच ठेवून टॉवेल गुंडाळून बाहेर आला. "काय चाललंय काय? घर पेटलं का?" खोकत खोकत त्याने तवा मोरीत नेऊन पाणी ओतलं, तर आणखी धुराचा लोट उठला. मग त्याने चादरी ओढून खिडक्या उघडल्या. बाबा मध्येच उभे, हात लोंबकळत. "अगो, काय झाला? बाय, काय झाला गो?"

माझ्या उजव्या पायमोज्यावर माशाच्या खवल्यासारखं काहीतरी चिकटलं होतं. निलेशने ते बोटावर घेतलं. ती लेन्स होती.

निलेश फटकळ आहे. भाजीवाल्यापासून साहेबापर्यंत कुणाला तोंडावर बोलायला तो मागेपुढे बघत नाही. त्या वेळी तो बाबांना एक शब्द बोलला नाही. शर्ट अडकवला, मला हाताला धरलं आणि रिक्षा थांबवली. बाबा मागून येऊन कडेला बसले. निलेशने शिव्या दिल्या असत्या तर बाबांना सोपं गेलं असतं, असं मला तेव्हाही वाटलं.

"कशाने झालं?"

डॉक्टर मॅडम निघायच्या तयारीत होत्या, पण थांबल्या. डावा डोळा बचावला होता. उजव्याची नवी धरू लागलेली साय सोलवटली होती.

"कशाने झालं हे?"

निलेश पटकन म्हणाला, "फोडणीचा धूर गेला, मॅडम."

"नाय बाईनु," बाबा दाराकडून म्हणाले. "फोडणी नाय. दिष्ट काढलंय मी. मिरच्यांनी."

मॅडम त्यांच्याकडे वळल्या. "किती मिरच्या घेतल्यात, काका?"

"मूठभर."

"मूठभर? अहो, माझी सासू पाच-सहा घेते!"

बाबा म्हणाले, "हिची आवस गेली तेच्यानंतर हिची दिष्ट कोणी काढूक नाय. डिग्री झाली, नोकरी लागली, लगीन झाला. सगळी ऱ्हवलेली. माका वाटला, एकदमच काढूया."

मला दिसत नव्हतं, पण निलेशने नाक ओढलेलं ऐकू आलं. मॅडमनी थेंब घातले, डोळा धुतला, नवी लेन्स बसवली. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "काका, ओवाळा हवं तर. पण जाळू नका." आणि मला म्हणाल्या, "उजव्याचं आता पहिल्यापासून सुरू. साय सरळ धरली तर काही प्रश्न नाही. वेडीवाकडी धरली तर तिथे पुसट डाग राहू शकतो. आज मी काहीच सांगू शकत नाही."

"माझं काम मायक्रोस्कोपचं आहे, मॅडम."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "म्हणूनच खोटं सांगत नाही."

बिनमिरचीचं जेवण

दुसऱ्या दिवशी बाबांनी पिशवी भरली. "मी जातंय. माझा हात चांगलो नाय."

निलेश बुटाची नाडी बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "जा. पण मग हिला थेंब कोण घालणार? मी घालतो तेव्हा अर्धे कानात जातात. विचारा तिला."

हे खरं होतं.

"आणि मिरच्यांची पिशवी मी लपवलीय," तो दारातून म्हणाला, "त्यामुळे घाबरू नका."

बाबांनी पिशवी रिकामी केली. सासऱ्याला घरात ठेवून घेण्याची याहून चांगली रीत मी पाहिलेली नाही. लग्नाआधी त्याच्या फटकळपणाची मला थोडी भीती वाटायची. ती त्या सकाळी गेली.

मात्र बाबांनी मिरचीच सोडली. आमटीत नाही, भाजीत नाही, चटणीत नाही. आठवडे गेले, तरी आम्ही तिघं मिळमिळीत वरण आणि उकडा भात खात होतो. निलेश कळवळून म्हणायचा, "बाबा, मी मालवणी माणूस आहे हो. एक तरी मिरची टाका. अख्खी टाका, मी काढून ठेवतो!" बाबा मान हलवायचे. एकदा त्याने डब्यातून ठेचा आणला आणि जिन्यात उभं राहून खाल्ला.

डावा डोळा हळूहळू उघडत गेला. भिंतीवरचं कॅलेंडर, मग त्यातल्या तारखा, मग तारखांखालची बारीक तिथी. डावा झाकला की मात्र सगळं दुधात बुडायचं. मी दिवसातून कितीदा तरी एक डोळा झाकून बघायची. तुम्ही असं करू नका. त्याने डोळा लवकर बरा होत नाही, फक्त मन खचतं. रोज सकाळी मी ठरवायची की आज बघायचं नाही, आणि दात घासायच्या आधी बघायची. लॅबमध्ये मला दुसरं काय काम देता येईल, रक्त काढायला बसवतील की काउंटरवर, याची मनातल्या मनात जुळवाजुळव चालायची. बाबांसमोर मी कधी रडले नाही. ते विचारायचे नाहीत, पण मी डोळा झाकला की ते हातातलं काम थांबवायचे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. डॉक्टरांच्या कागदावर 'धुरापासून दूर राहा' असं लिहिलेलं असतं. आमच्याही कागदावर होतं. बाबांनी म्हणूनच उदबत्ती बंद केली होती. पण दृष्ट त्यांच्या लेखी धुरात मोडतच नव्हती. ते औषध होतं. तेव्हा ऑपरेशनाआधी घरच्यांना जवळ बसवा आणि विचारा, मला बरं वाटावं म्हणून तुम्ही काय काय करणार आहात? काजळ, मध, गुलाबपाणी, अंगारा, जे मनात असेल ते बोलू द्या. हसू नका, रागावू नका. फक्त आधी ऐकून घ्या.

आरसा

शेवटच्या तपासणीला निलेशला रजा नव्हती, बाबा आले. एरवी ते बाहेरच्या बाकावर बसायचे. त्या दिवशी मॅडमनीच हाक मारली, "काका, आत या. तिथे बसून काय कळणार तुम्हाला?"

मॅडमची खोली अरुंद आहे. लांबून वाचायला जागा नाही, म्हणून अक्षरांचा तक्ता पेशंटच्या मागे टांगलेला असतो आणि समोरच्या आरशात तो वाचायचा. बाबा माझ्या मागे, तक्त्याशेजारी उभे राहिले. अक्षरं इंग्रजी होती. बाबांना ती वाचता येत नाहीत.

डावा डोळा सगळा तक्ता वाचून मोकळा झाला. मग मॅडमनी डाव्यावर झाकण धरलं.

"घाई करू नका. पापणी मिटा. उघडा. वाचा."

वरचं मोठं अक्षर. खालची दोन. त्याखालची ओळ. आणखी खालची ओळ. तिथे एक अक्षर चुकलं. त्याखालची ओळ वाचताना माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. शेवटच्या ओळीशी मी थांबले, कारण माझी नजर तक्त्यावरून सरकून आरशातल्या बाबांवर गेली होती. ते तक्त्याकडे बघत नव्हते. मी बरोबर वाचते की चूक हे त्यांना कळणार नव्हतं. म्हणून ते मॅडमच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते, दोन्ही हात छातीशी धरून, परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखे.

"थांबलात का? दिसत नाही?"

"दिसतं, मॅडम. बाबांच्या दाढीचे खुंट दिसतायत. वेगवेगळे. हनुवटीवरचे सगळे पिकलेत."

मॅडमनी मान वर करून बाबांकडे नीट पाहिलं, मग माझ्या डोळ्यावर दिवा धरून पुन्हा पाहिलं. "कडेला पुसट रेघ आहे, ती राहील कदाचित. मधोमध स्वच्छ आहे. सोमवारपासून मायक्रोस्कोप लावा."

मॅडमच्या बोलण्यातला बाबांना बहुतेक फक्त सोमवार तेवढा ऐकू आला. त्यांचा हात हनुवटीवर गेला. "अगो, सकाळी घाईत दाढी ऱ्हवली."

दवाखान्याच्या खालीच न्हाव्याचं दुकान होतं. बाबा म्हणाले, "थांब हां जरा," आणि आत जाऊन खुर्चीत बसले. मी बाहेर कट्ट्यावर बसले, तळहाताने डावा डोळा झाकला आणि न्हाव्याने त्यांच्या गालांना फेस लावला तिथपासून तुरटी फिरवून टॉवेल झटकला तिथपर्यंत, सगळं उजव्या डोळ्याने बघत राहिले.